रिकामा शंख, भरलेली वही: कोकणच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले ओळखण्याची, वेचण्याची आणि जपण्याची रीत

मी पाचवीत असताना रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवरून एक शंख घरी आणला होता. बोटाएवढा, पांढरा, अंगावर बदामी ठिपके. तोंडाशी शिंगासारखं पातळ तपकिरी झाकण घट्ट बसलेलं होतं. मला ते शंखाचाच भाग वाटलं. खिडकीत ठेवला आणि विसरून गेले. तिसऱ्या दिवशी घरभर वास सुटला. आजीने शंख हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि एवढंच म्हणाली, "अगो, जीव होता त्यात."

त्यानंतर शंख-शिंपल्यांचं वेड सुटलं नाही, पण वेचण्याची रीत बदलली. ती रीत इथे क्रमाने लिहिते आहे. मुलांना घेऊन सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांना, किनाऱ्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांना आणि घरात पिशवीभर शिंपले पडून आहेत पण त्यांचं काय करावं ते कळत नाही अशा सगळ्यांना ती उपयोगी पडेल.

आधी प्राणी, मग शंख

शंख किंवा शिंपला हे त्या प्राण्याला कुठे सापडलेलं घर नाही. ते त्याने स्वतःच्या अंगातून घडवलेलं असतं. या प्राण्यांना मृदुकाय म्हणतात: मऊ अंगाचे, बिनकण्याचे. त्यांच्या अंगावर प्रावरण नावाचा पातळ पडदा असतो. त्याची कड कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साध्या शब्दांत चुनखडी, आणि थोडी प्रथिनं पाझरते आणि कवचाच्या कडेला नवा थर बसतो. कवच वाढतं ते या कडेलाच. म्हणून शंखाचं टोक हा त्याच्या बालपणाचा भाग आणि तोंडाची कड सर्वांत नवी. शिंपल्यावरच्या गोलाकार रेषाही अशाच, एकाबाहेर एक बसत गेलेल्या वाढीच्या कडा. मध्येच एखादी रेषा ठसठशीत दिसली, तर तिथे वाढ अडली होती असं समजावं. कधी उपासमार, कधी खाडीला आलेलं गोडं पाणी, कधी कडेला झालेली इजा. मोडलेला भाग प्राणी आतून पुन्हा सांधतो आणि तो सांधा कायम दिसतो. मला गुळगुळीत, निर्दोष शंखापेक्षा असा सांधलेला शंख जास्त आवडतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शंखातली गोगलगाय मोठी झाली की शंख सोडून दुसऱ्यात जात नाही. ती स्नायूने शंखाच्या आतल्या खांबाला चिकटलेली असते आणि शंखाबाहेर काढली तर मरते. घरं बदलतो तो शंखात राहणारा संन्यासी खेकडा. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो मेलेल्या गोगलगायींचे रिकामे शंख वापरतो. किनाऱ्यावर तुरुतुरु पळणारा शंख दिसला तर आत पाय आहेत की नाहीत ते बघा. पाय असतील तर तो भाडेकरू, मूळ मालक नव्हे.

मोत्याचीही तीच गोष्ट. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो, ही कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात परका कण किंवा परोपजीवी जीव आत शिरला, वा प्रावरणाचा एखादा तुकडा आत ढकलला गेला, की शिंपला त्याभोवती आपल्या आतल्या अस्तराचेच थर चढवत जातो. मोती म्हणजे उलट बाजूने गुंडाळलेलं शिंपल्याचं अस्तर.

आपल्या किनाऱ्यावर मृदुकायांचे पाच गट सापडतात. एकाच वळणदार कवचाचे शंख, गोगलगायी, कवड्या; दोन झडपांचे शिंपले, तिसऱ्या, कालवं, शिनाणे; खडकाला चिकटलेले, पाठीवर आठ पट्ट्या असलेले चपटे कायटन; हत्तीच्या सुळ्यासारखी पोकळ नळी असलेले दंतशंख; आणि म्हाकुलं (स्क्विड, कटलफिश). म्हाकुलाला कवच कुठे, असं वाटेल. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो पांढरा, हलका समुद्रफेन म्हणजे एका जातीच्या म्हाकुलाचं अंगातलं कवचच. पावसाळ्यानंतर पुळणीवर तो भरपूर सापडतो.

दिवस आणि वेळ: तिथीची पाऊणपट

शंख बघायचे ते ओहोटीला, आणि तेही उधाणाच्या ओहोटीला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी जेमतेम हलतं; तेव्हा गेलात तर अर्धा किनारा पाण्याखालीच राहील.

वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब फार सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, आली पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्यात सहा तास मिळवा, सकाळी नवाला आणि रात्री नवाला ओहोटी. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. हा हिशोब ढोबळ आहे; ठिकाणागणिक अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होतो आणि दक्षिणेकडे, मालवण-गोव्याला, मुंबईपेक्षा भरती आधी येते. म्हणून दिवस तिथीवरून ठरवा आणि मिनिटं भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. तक्त्यात पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. मुंबईला ती अर्ध्या मीटरच्या खाली जात असेल तो दिवस दवडू नये.

आता या हिशोबातून निघणारी एक कामाची गोष्ट. खुद्द अमावास्येला किंवा पौर्णिमेला ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास लागते. पहाटे अंधार असतो आणि संध्याकाळी परतताना अंधार होतो. द्वितीया-तृतीयेला मात्र ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते. उधाणाचा जोर तेव्हा टिकलेला असतो, उन्हं कोवळी असतात आणि रात्रीच्या भरतीने वाळूवर सोडलेली कवचांची रेषा पर्यटकांच्या पायांनी अजून मोडलेली नसते. माझ्या वहीतल्या बहुतेक चांगल्या नोंदी शुद्ध वा वद्य द्वितीयेच्या आहेत.

ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावर पोहोचा, पाण्यामागोमाग खाली उतरत जा आणि पाणी फिरलं की परत निघा. खडकांवर गुंतून पाठ समुद्राकडे करू नका. भरती खडकांच्या मागच्या घळीतून आधी येते आणि पुढे अजून कोरडं दिसत असताना परतीची वाट बुडालेली असते.

ऋतूचं म्हणाल तर पावसाळ्यात समुद्र तळ ढवळून शंख वर टाकतो, पण जून ते ऑगस्ट किनारा धोक्याचा असतो. मुंबईच्या किनाऱ्यांवर त्या काळात निळ्या फुग्यासारखे, लांब धाग्यांचे डंख मारणारे प्राणी वाहून येतात. वाळूवर मेलेले दिसले तरी त्यांचा दंश होतो. सप्टेंबरअखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात रात्री विजेऱ्या घेऊन फिरू नका.

सोबत काय घ्यावं

जुने, पट्टा असलेले, न घसरणारे बूट. कालवं चिकटलेल्या खडकावर अनवाणी चाललात तर पाय कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही. दोन लहान प्लास्टिकचे डबे, एक पाण्यासाठी आणि एक कोरडा. जुन्या औषधांच्या बाटल्या बारीक शंखांसाठी. भिंग, मोजपट्टी, वही आणि शिसपेन्सिल. शाईचं पेन नको, खारं पाणी लागलं की नोंद गेली. लांब चिमटा घ्याच, कारण पुढे सांगते.

कुठे पाहायचं

पुळणीवर भरती जिथवर आली तिथे शेवाळ, काटक्या आणि कवचांची एक रेषा उमटते. बहुतेक लोक तेवढीच पाहतात. तिच्या खाली, ओल्या वाळूत, अजून एक-दोन पुसट रेषा असतात. हलके, नाजूक शंख तिथे थांबतात. गुडघ्यांवर बसा आणि हातभर जागा पाच मिनिटं नीट बघा. चालत चालत शंख दिसत नाहीत. बटणाएवढे, चकचकीत, प्रत्येक वेगळ्या नक्षीचे अंबोनियम नावाचे शंख रत्नागिरीच्या पुळणींवर अक्षरशः हजारोंनी असतात आणि उभ्या माणसाला ते वाळूच वाटतात. लाटेच्या तोंडाशी पाचरीच्या आकाराचे चिमुकले डोनॅक्स शिंपले दिसतील. लाट मागे सरली की ते झर्रकन वाळूत घुसतात. हे बघायचे, उचलायचे नाहीत. ते जिवंत असतात.

खाडीची मुखं समृद्ध असतात, कारण तिथे खाडीचे आणि समुद्राचे असे दोन्हीकडचे शिंपले येऊन पडतात. काजळी नदी समुद्राला मिळते ते भाट्ये आणि कर्ली नदी मिळते ते देवबाग ही दोन उदाहरणं. कांदळवनाच्या चिखलात लांबट, टोकदार, काळपट शंख दिसतात. चिखलात फार आत मात्र जाऊ नका.

खडकाळ किनारा म्हणजे वेगळंच गाव. वरच्या कोरड्या खडकांवर गोल, जाड नेरिटा. त्याखाली खडकाला टोपीसारखे चिकटलेले लिंपेट. मग कालवांचा धारदार थर. सर्वांत खाली, उधाणाच्या ओहोटीलाच उघड्या पडणाऱ्या दगडांखाली कवड्या आणि कायटन. दगड उलटवलात तर तो होता तसाच परत ठेवा. दगडाच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात. हा एक नियम मुलांना शिकवला तरी पुष्कळ झालं.

मासेमारीच्या बंदरांवर, जाळी झाडतात त्या जागी, खोल पाण्यातले शंख मिळतात जे पुळणीवर कधी येत नाहीत. उंच शिखराचा, लांब चोचीचा टिबिया, काटेरी म्युरेक्स, अंजिरासारखा फुगीर फायकस मला तिथेच पहिल्यांदा दिसले. मच्छीमारांना विचारल्याशिवाय त्यांच्या ढिगाला हात लावू नका. "दादा, यातले रिकामे बघू का?" एवढं विचारलं की बहुतेक जण स्वतःच निवडून देतात, वर किती वाव खोल पाण्यात सापडलं तेही सांगतात. ती माहिती लगेच वहीत उतरवा.

सर्वांत सोपी सुरुवात मात्र स्वयंपाकघरातून होते. बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांच्या दोन्ही झडपा शाबूत असतात, ताज्या असतात, आणि जीव जेवणासाठीच गेलेला असतो. बिजागरी, स्नायूंच्या खुणा, झडपांची डावी-उजवी बाजू हे सगळं त्यांच्यावर शिकता येतं.

काय उचलू नये

जिवंत काहीच नाही. हे ओळखायचं कसं? शंखाच्या तोंडाशी झाकण असेल तर आत जीव आहे असंच धरा. शिंपला मिटलेला असेल तरी तेच. शंका असेल तर डब्यात समुद्राचं पाणी घ्या, त्यात शंख ठेवा आणि सावलीत दहा-पंधरा मिनिटं वाट बघा. गोगलगाय असेल तर पाऊल बाहेर काढेल, खेकडा असेल तर डोळे. काहीच हललं नाही तर वास घ्या आणि उजेडाकडे धरून आत बघा. मग उचलला होता तिथेच नेऊन ठेवा, किंवा खरंच रिकामा असेल तर कोरड्या डब्यात टाका.

शंकूच्या आकाराच्या शंखांसाठी ही परीक्षासुद्धा करू नका. आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार, रुंद सपाट डोकं, लांब अरुंद फट असलेलं तोंड: हा कोनस. हा शिकारी आहे. त्याच्या तोंडात विषारी भाल्यासारखा दात असतो, तो लांबलचक सोंडेतून फेकला जातो आणि शंखाच्या कुठल्याही भागापर्यंत पोहोचतो. "मागच्या टोकाला धरलं की चालतं" हे खोटं आहे. काही मोठ्या जातींच्या दंशाने माणसं दगावली आहेत. याच विषातल्या एका द्रव्यावरून असह्य वेदनांवरचं एक औषध घडवलं गेलं आणि 2004 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, इतकं ते प्रभावी आहे. कोनस चिमट्याने उलटवून बघा, आतून उजेड आरपार दिसला आणि तो वाळूने घासून फिका पडलेला असेल तरच घ्या. खिशात तर कधीच टाकू नका.

वाळूत राखाडी, शर्टाच्या कॉलरसारखी वळलेली पातळ पट्टी सापडली तर तीही राहू द्या. नॅटिका नावाच्या गोगलगायीने वाळू आणि चिकट द्रव मिसळून केलेली ती अंड्यांची पट्टी आहे.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 2001 साली मृदुकायांच्या 24 जातींची भर पडली. महाकाय शिंपले, राजशिरस्त्राणासारखा जड कॅसिस, तुतारीसारखा ट्रायटन, नॉटिलस, बोटं पसरल्यासारखे लॅम्बिस, मोठा ट्रोकस हे त्यातले. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपा आठवतात? तो शिंपलाही त्या यादीत आला. 2022 च्या दुरुस्तीने कायद्याची परिशिष्टं नव्याने लावली गेली, म्हणून काही विकत घेण्याआधी सध्याची यादी बघावी. या जातींची रिकामी कवचंही घेऊ नका, आणि तीर्थक्षेत्री वा पर्यटनस्थळी दुकानात मांडलेली आहेत म्हणजे ती कायदेशीर आहेत असं समजू नका. प्रवाळाचे तुकडे मेलेले, पांढरे, किनाऱ्यावर पडलेले असले तरी उचलायचे नाहीत. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीतून रिकामा शिंपलाही आणू नये, फोटो आणावा.

बाकी ठिकाणी माझा नियम एका जातीचा एक, आणि एका फेरीत मूठभर. रिकामे शंख खेकड्यांना लागतात, आणि उरलेले झिजून त्यांचीच वाळू होते.

ओळख कशी पटवायची

गावातली नावं जरूर लिहून घ्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे ही नावं गावागणिक बदलतात आणि एकच नाव दोन ठिकाणी दोन वेगळ्या शिंपल्यांना असतं. म्हणून आकाराची भाषा शिकावी लागते.

शंख हातात असेल तर टोक वर आणि तोंड स्वतःकडे धरा. तोंड उजव्या हाताला आलं तर शास्त्राच्या भाषेत तो उजवा शंख. बहुतेक सगळे तसेच असतात. आता वेटोळी मोजा, शिखर उंच की बसकं ते बघा, तोंड गोल की फटीसारखं, तोंडाच्या खाली पन्हळीसारखी नळी आहे की नाही, आतल्या खांबावर घड्या आहेत का, बुडाशी बेंबीसारखं छिद्र आहे का. ही सहा उत्तरं लिहिलीत की निम्मी ओळख पटली. रंग शेवटी बघा, कारण उन्हात रंग उडतो आणि एकाच जातीत तो दहा तऱ्हेचा असतो.

पूजेतल्या शंखाबद्दल इथे सांगायला हवं, कारण या घड्यांवरच हजारो रुपयांची फसवणूक अवलंबून असते. आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. आपण तो नळी वर आणि टोक खाली असा धरतो, त्यामुळे डावी-उजवी बाजू शास्त्राच्या उलट येते. नेहमीचा तो वामावर्ती आणि क्वचित सापडणारा उलट वळणाचा तो दक्षिणावर्ती. खरा दक्षिणावर्ती अतिशय दुर्मीळ. बाजारात त्या नावाने विकतात ते बरेचसे शंख अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या आणि मेक्सिकोच्या आखातातल्या वेगळ्याच गोगलगायीचे असतात. तिची सगळी प्रजाच त्या वळणाची, म्हणून स्वस्तात मिळते. ओळख सोपी आहे. तोंडातून आतल्या खांबाकडे बघा. टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात. त्या परदेशी शंखाचा खांब गुळगुळीत असतो. देव्हाऱ्यात काय ठेवावं हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण पैसे मोजण्याआधी खांब बघा.

कवडीचं तोंड खाली, दातेरी फटीसारखं असतं. कवड्यांची माळ, सारीपाट, कवडीमोल हे शब्द आपल्या इतके ओठांवर आहेत, पण कवडी इतकी का चमकते, हे कुणी विचारत नाही. जिवंतपणी तिचं प्रावरण दोन्ही बाजूंनी वर येऊन सगळं कवच झाकून घेतं. बाहेरूनही थर बसत राहतो, ओरखडे पुसले जातात आणि वर शेवाळ धरत नाही. हे लक्षात ठेवा, धुताना कामाला येईल.

शिंपला असेल तर चोच, म्हणजे सर्वांत जुना टोकदार भाग, वर धरा. दोन झडपा जोडणारी तपकिरी, रबरासारखी बिजागरी चोचीच्या एका बाजूला असते; बहुतेक शिंपल्यांत ती मागची बाजू. ती स्वतःकडे करून धरलीत की डाव्या हाताची झडप डावी, उजव्या हाताची उजवी. आता उघडून आत बघा. बिजागरीजवळचे दात मोजा. तिसऱ्यांना दोन-तीन ठळक दात असतात, तर जाड धारा असलेल्या अनाडाराला कंगव्यासारखी बारीक दातांची लांब रांग असते. झडपेच्या आत स्नायूंचे दोन गुळगुळीत ठसे आणि त्यांना जोडणारी एक रेषा दिसेल. ती रेषा मागच्या बाजूला आत वळली असेल तर हा शिंपला वाळूत खोल पुरून राहून नळ्या वर काढणारा होता. वळण जितकं खोल तितक्या नळ्या लांब. प्राणी पाहिला नसतानाही तो कसा जगला ते झडप सांगते.

मरण कसं आलं तेही कधी कधी कळतं. चोचीजवळ एक देखणं, गोल छिद्र असलेले शिंपले मुलं हमखास माळेसाठी निवडतात. छिद्राची कड बाहेरून बशीसारखी उतरती असेल तर ते काम नॅटिकाचं. तिने वाळूखाली शिंपला पायात गुंडाळून भोक पाडलं आणि आतलं खाल्लं. कड सरळ, नळीसारखी असेल तर बहुधा म्युरेक्सच्या कुळातली गोगलगाय. भोक पाडायला दोघीही खरवडणाऱ्या जिभेसोबत चुनखडी विरघळवणारा स्राव वापरतात. असे छिद्राचे शिंपले वेगळ्या डब्यात ठेवा. शाळेत दाखवायला यांच्याइतकं चांगलं काही नाही.

नाव पक्कं करायला रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात एक दुपार काढावी. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तीन बाजूंनी घेतलेले फोटो टाकले तर जाणकार मदत करतात. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि तोंडाचा फोटो विसरू नका. मुंबईकरांसाठी मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाच्या किनारा-फेऱ्या 2017 पासून होतात. जाणकाराबरोबरची एक फेरी पुस्तकांच्या महिन्याभराची बरोबरी करते.

धुणं आणि वाळवणं

घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यात बुडवा. दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून. ही पायरी गाळू नका. कवचात राहिलेलं मीठ पावसाळ्यात हवेतली ओल शोषतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. मग जुन्या दातब्रशने घासा. बारीक शंखातली वाळू सुईने न टोकरता पाण्याच्या धारेखाली हलवून काढा.

तिसऱ्यांच्या झडपा जोडीने ठेवायच्या असतील तर मांस काढून, बिजागरी ओली असतानाच मिटवा, दोऱ्याने बांधा आणि सावलीत वाळवा. सुकल्यावर बिजागरी कडक होते आणि मग मिटवायला गेलात तर तुटते.

जाड, शेवाळलेल्या कवचांसाठी घरगुती ब्लीचच्या एका भागात तीन भाग पाणी घालून काही तास ठेवता येतं. मधूनमधून बघत राहा, मग भरपूर धुवा. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. कवड्यांना आणि इतर चमकदार शंखांना ब्लीच नको, उकळतं पाणीही नको. चमक जाते आणि तडे पडतात. काही शिंपल्यांवर तपकिरी, सालीसारखा पापुद्रा असतो. तो मळ नाही, तो कवचाचाच बाहेरचा थर आहे. प्रत्येक जातीचा एक नमुना तरी पापुद्र्यासकट ठेवा.

आम्ल मात्र कशालाच लावू नका. लिंबू, चिंच, व्हिनेगर, फरशी धुण्याचं ॲसिड, सगळं वर्ज्य. कवच चुनखडीचं आहे. आम्ल पडलं की फसफसतं आणि वरचा थर, नक्षीसकट, विरघळतो. ॲसिड लावलेला शंख दोन दिवस चकचकीत दिसतो, पण त्यावरच्या वाढीच्या रेषा कायमच्या गेलेल्या असतात. आणि ब्लीच व ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, तो जीवघेणा आहे.

चमक हवी असेल तर लिक्विड पॅराफिनचा एक थेंब कापडावर घेऊन पुसा. खोबरेल तेल लावू नका. ते कालांतराने खवट होतं, चिकट होतं आणि धूळ धरतं.

साठवण आणि नोंद

माझ्या आत्याच्या घरी लाकडी कपाटात पुठ्ठ्याच्या खोक्यांतून ठेवलेला सुरेख संग्रह होता. काही पावसाळ्यांनंतर उघडला तर कवड्यांवर पांढरी पूड, बोट लावलं की निघणारी, आणि खाली खडबडीत खळगे. बुरशी समजून आम्ही पुसत राहिलो. ती बुरशी नव्हती. लाकूड, पुठ्ठा, स्वस्त कागद आणि कापूस यांतून हळूहळू आम्लाची वाफ निघते; बंद जागेत, दमट हवेत ती कवचाशी संयोग पावून क्षार बनवते. 1899 मध्ये बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने या बिघाडाचं वर्णन केलं, म्हणून त्याला बाइनचा रोग म्हणतात. खरं तर हा रोग नाही आणि संसर्गही नाही. खराब झालेला शंख पूर्ववत होत नाही. धुऊन, पूर्ण वाळवून, जागा बदलली तर बिघाड थांबतो.

म्हणून काचेच्या बाटल्या किंवा पॉलिप्रॉपिलीनचे डबे वापरा, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात दोनदा उघडून बघा. कापसाच्या जागी पातळ फोम किंवा पॉलिएस्टरचा थर.

आता वही. ठिकाण आणि तारीख नसलेला शंख ही शोभेची वस्तू. नोंद असलेला तोच शंख दहा वर्षांनी सांगू शकतो की या पुळणीवर ही जात होती. रेती उपसा झाला, बंधारा बांधला, खाडीचं मुख सरकलं, तर बदल मोजायला जुन्या नोंदी लागतात, आणि त्या बहुतेक ठिकाणी कुणी ठेवलेल्याच नाहीत. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्या. तो बारीक निबाने, काळ्या पक्क्या शाईने कवचाच्या आतल्या बाजूला लिहा, किंवा फार लहान असेल तर बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका. तोच क्रमांक वहीत. जिवंत पाहिलेल्या आणि न उचललेल्या शंखांचीही नोंद करा; माझ्या वहीत आता त्याच जास्त आहेत.

नोंद अशी दिसावी:

क्रमांक 112. भाट्ये पुळण, खाडीच्या मुखापासून दक्षिणेला अंदाजे 300 पावलं. दिनांक __/__/____, वद्य द्वितीया, सकाळी 7.50, ओहोटी. ओल्या वाळूतली दुसरी रेषा. नॅटिका, रिकामा, उंची 21 मिमी, कड मोडून पुन्हा सांधलेली. शेजारी दोन हातांवर अंड्यांची पट्टी, तिला हात लावला नाही. पाच पावलांच्या परिघात छिद्राचे शिंपले 14.

तारखेच्या जागी नुसती तिथी लिहिली तर वर्ष कळत नाही, म्हणून दोन्ही लिहा.